बाज्याची चोच

आमच्या घरात काय काय वस्तू आहेत हे मला तेराव्या वर्षी नीट कळले, आणि तेही त्या घेऊन जायला माणसे येणार असे समजले तेव्हा. तोवर घर म्हणजे निर्मळला केळीच्या वाडीकडेच्या दोन खोल्या आणि ओटी, एवढेच माझ्या डोक्यात होते. वाडी आमची नव्हती, मोठ्या काकाची होती. आम्हाला तिच्यातून केळफुले, पाने आणि डास मिळत. पहाटे फुलवाल्यांच्या सायकली टोपल्या लादून घरासमोरून जायच्या, त्यांच्या घंट्यांनी मला जाग यायची. संध्याकाळी बाबा ओटीवर बसून बाजा वाजवायचा. बाजा म्हणजे सॅक्सोफोन. पण हा शब्द फक्त पाहुण्यांसमोर निघायचा. तो आधी एकच सूर लांबवर धरून ठेवायचा, इतका की आई आतून ओरडायची, ''श्वास घे रे, मरशील.'' मग गाणे सुरू व्हायचे. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात, त्यामुळे इथेही तसेच लिहिते. माझ्या सुनेला हे अजून खटकते, पण तिने पुढचा भाग वाचू नये.

बाबा आधी वसई पूर्वेला एका कारखान्यात कामाला होता. तो बंद पडला आणि जो बाजा तोवर रविवारपुरता होता त्याच्यावर चूल चालू लागली. निर्मळ, आगाशी, पार अर्नाळ्यापर्यंत लग्नात आमच्या बाबाचा बँड असायचा. पैसे बरे मिळत, पण ते हंगामातच. आणि त्याच सुमारास कळले की कारखान्यातल्या एका मित्राच्या कर्जाला बाबाने जामीन म्हणून सही केली होती. मित्र कुटुंबासकट कुठे गेला ते कुणालाच सांगता येईना. पतपेढीने कोर्टातून बाबावर हुकूमनामा आणला आणि त्यापाठोपाठ घरातले सामान जप्त करायचे वॉरंट निघाले. आई बाबाला दिवसातून एकदा तरी विचारायची, ''सही करताना जरा थांबावंसं वाटलं नाही तुला?'' बाबा खरेच विचार करून उत्तर द्यायचा, ''नाही वाटलं. त्यानं पेन पुढे केलं नि मी घेतलं.'' तो खोटे बोलायचा नाही, हीच त्याची मोठी अडचण होती.

अशा वेळी आमचा जॉनीमामा धावून आला. मामा वसईच्या कोर्टाबाहेर चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बसायचा आणि लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचा. वकील नव्हता, पण वीस वर्षे वकिलांचा मजकूर बोटांखालून गेल्यामुळे आपणही थोडे वकील झालो आहोत असे त्याला वाटे, आणि आम्हालाही वाटे. रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर तो आला. आईने केलेली तांदळाची भाकर आणि केळफुलाची भाजी त्याने आधी संपवली, हात धुतले आणि मग खिशातून एक कागद काढला. कार्बनची प्रत होती, अक्षरे निळी आणि पुसट. ''जप्तीत काय काय धरता येत नाही ते यात आहे,'' तो म्हणाला. ''यातल्या वस्तूंना कोर्टाचा बेलिफ हात लावू शकत नाही. रोझीला वाचू दे, तिचं वाचन चांगलं आहे.''

मी वाचले. नेसायचे जरुरीचे कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येणार नाहीत असे दागिने. कारागिराची हत्यारे. पुढे आणखी होते, शेतीबद्दल, पण ते आम्हाला लागू नव्हते. आईने आपल्या बोटातल्या लग्नाच्या अंगठीकडे पाहिले. ती फुगलेल्या बोटात रुतून बसली होती आणि साबण लावूनही निघत नसे. ''ही रूढीत येते का?'' आईने विचारले. मामा म्हणाला, ''रूढीचं बघू, पण मुळात निघतच नाही ना? मग झालं तर.'' आणि मग ज्याची आम्ही सगळे वाट बघत बसलो होतो तो प्रश्न आईने विचारला. ''आणि बाजा?''

मामाने कागदावर बोट ठेवले. ''कारागिराची हत्यारे. पेद्रूभाऊ कारागीर ठरला तर बाजा वाचला.'' ''मी कुठला कारागीर,'' बाबा म्हणाला. ''सुतार कारागीर. मी फक्त फुंकतो.'' आई इतकी संतापली की भाकरीचे ताट घेऊन आत निघून गेली. मला दोघांचेही पटत होते, आणि हाच माझा त्या वयातला रोग होता. मामा जाताना एवढेच म्हणाला की काहीही लपवू नका, घरात उघडे ठेवा, बेलिफच विचारेल आणि तोच लिहील. हे वाक्य आम्ही तिघांनीही ऐकले. तिघांपैकी एकानेही ते पाळले नाही, बाबा सोडून. म्हणजे दोघींनी पाळले नाही. अजूनही या दिवसाचा हिशेब लावताना माझी अशी गडबड होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. हे सगळे उपवासकाळात चालले होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत आमच्यात लग्ने लागत नाहीत, म्हणून बँडही वाजत नाही. बाबाचे तर व्रतच होते. राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी तो बाजा पुसायचा, पेटीत ठेवायचा, आणि तोंडात धरायचा तो काळा तुकडा, आम्ही त्याला बाज्याची चोच म्हणायचो, तो काढून पांढऱ्या रुमालात गुंडाळून घरातल्या आल्तारवर, म्हणजे देव्हाऱ्यात, येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर ठेवायचा. चाळीस दिवस त्याला कोणी हात लावायचा नाही. अकराव्या वर्षी वाजवायला लागल्यापासून त्याने हे कधी मोडले नव्हते. चोचीशिवाय बाजा म्हणजे नुसती पितळेची नळी.

आईने यादी आपल्या पद्धतीने लागू केली. भांड्यांना हात लावता येत नाही, तेव्हा तिने रेडिओ भाताच्या मोठ्या टोपात ठेवून वर झाकण घातले. अंथरुणाला हात लावता येत नाही, तेव्हा गजराचे घड्याळ उशीच्या अभ्र्यात आणि बाजा, पेटीसकट, चार गोधड्यांच्या मधोमध गेला. वरून तिने माझ्या आजोळची रजई घातली. मला हे इतके हुशारीचे वाटले की मीही माझ्यापुरता विचार सुरू केला. समजा, एवढे करूनही बाजा त्यांना सापडला. पण चोच नसेल तर तो वाजणार नाही, आणि न वाजणारा बाजा कोण घेऊन जाईल? मग चोच कुठे ठेवायची? दप्तर यादीत नव्हते. मी दोनदा बघितले. नेसायचे कपडे होते. म्हणजे माझा फ्रॉक कोणी नेणार नाही, आणि फ्रॉकच्या खिशातलेही नेणार नाही. मंगळवारी सकाळी, आई विहिरीवर असताना, मी आल्तारवरचा रुमाल उघडला, चोच खिशात टाकली आणि रुमाल होता तसा घडी करून ठेवला. उपवासकाळात तिला हात लावला म्हणून अपराधी वाटत होते. बाजा वाचवतेय म्हणून शहाणेही वाटत होते. दोन्ही एकाच वेळी.

ते दुपारच्या आत आले. टेम्पो कोपऱ्यावर थांबला. पुढे बेलिफ, वयस्क, उन्हाने काळवंडलेला, हातात कापडी पिशवी. बोलण्यावरून देशावरचा वाटत होता. मागे पतपेढीचा वसुली अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, सतत मनगटावरच्या घड्याळाकडे बघणारा. पंच म्हणून शेजारची दोन माणसे हवी होती. एक समोरच्या घरातला मिळाला आणि दुसरा बस्त्यावकाका, बाबाच्याच बँडमध्ये ड्रम वाजवणारा, मूळचा अर्नाळ्याचा, जो त्या दिवशी सहज आल्यासारखा सकाळपासून आमच्या पायरीवर बसून होता. बेलिफाने चपला बाहेर काढल्या. आईने पाणी दिले आणि बशीत चार सुकेळी ठेवली. घरावर जप्ती आणणाऱ्याला आगाशीची सुकेळी का द्यायची हे मला कळेना. पण आलेल्या माणसाला काही न देता बसवणे आईला जमलेच नसते. बेलिफाने एक उचलले, वास घेतला आणि विचारले, ''हे काय असतं ताई?'' ''केळं. वाळवलेलं.'' तो चवीने खात बसला आणि वसुली अधिकारी म्हणाला, ''साहेब, टाइम होतोय.''

मग शोध सुरू झाला. बेलिफ सावकाश फिरत होता, लिहीत होता, कुठेही उगाच हात घालत नव्हता. सायकल लिहिली. खुर्ची लिहिली. स्वयंपाकघरात अधिकाऱ्याने मोठ्या टोपाचे झाकण उचलले आणि आत रेडिओ बघून तो हसला. ''भारी शिजवलंय,'' तो म्हणाला. आई लाल झाली. मला इतकी लाज वाटली की तो रेडिओ टोपात मीच ठेवला असे मला वाटू लागले. आतल्या खोलीत आल्यावर बेलिफ एकदम थांबला. आमच्या अंथरुणातून टिक टिक टिक असा आवाज येत होता.

अधिकारी रजईकडे गेला आणि मी मध्ये उभी राहिले. मला आठवते तसे आयुष्यात मी पहिल्यांदाच एका परक्या पुरुषाला अडवले. ''अंथरुणाला हात लावता येत नाही,'' मी म्हणाले. ''यादीत आहे.'' बेलिफाने माझ्याकडे पाहिले. रागावला नाही. ''बरोबर आहे बाळ. अंथरूण आम्ही नेत नाही. अंथरुणात काय आहे ते नेऊ शकतो.'' माझ्या डोक्यातली सगळी यादी त्या वाक्याबरोबर ढासळली. म्हणजे टोपातला रेडिओ टोप नव्हता. म्हणजे माझ्या खिशात जे होते ते फ्रॉक नव्हते. मी खिशावर हात ठेवला आणि बाजूला झाले. घड्याळ निघाले, आणि घड्याळामागून गोधड्या एकेक करून बाजूला होत पेटी निघाली.

पेटी ओटीवर उजेडात आणून उघडली. बाजा लखलखत होता. बाबाने तो चांगला पुसून ठेवला होता. अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. ''ही खरी वस्तू. याच्यावर बरीच वसुली होईल.''

''ते हत्यार आहे,'' आई म्हणाली. ''कारागिराचं.''

''ताई, हा शौक आहे. हत्यार असतं तर गोधडीत कशाला दडवलं असतं?''

आईला बाबापेक्षा खूप बोलता यायचे, पण त्या क्षणी ती नुसती पदराने पेटी पुसू लागली. मला तिची कीव आली आणि तिचा रागही आला, कारण मामाने सांगितले होते, लपवू नका.

बेलिफाने बाबाला विचारले, ''तुम्ही पोट कशावर भरता?''

''लग्नात वाजवतो.''

''मागचं लग्न कधी वाजवलं?''

''राखेच्या बुधवारच्या आधी.''

''आणि पुढचं?''

''ईस्टरनंतर.''

''म्हणजे सध्या बंद आहे,'' अधिकारी म्हणाला. ''लिहा साहेब, वापरात नाही.''

बेलिफाला हा प्रकार माहीत नव्हता. त्याने बस्त्यावकाकाकडे पाहिले. बस्त्यावकाका पायरीवरून उठला. ''साहेब, आमच्यात आता लगीन लागत नाय. उपवास हाय. कोन वाजवनार नि कोनासाठी? ईस्टर होऊन जाऊ दे, मग या मानसाला पानी प्यायला वेळ नसतो.''

''तुम्ही बँडचेच ना?'' अधिकारी म्हणाला. ''तुम्ही तेच सांगणार.''

बेलिफाने पेन टोपणात घातले, परत काढले. मला वाटते त्यालाही बाजा न्यायचा नव्हता, पण कागदावर लिहायला काहीतरी हवे होते. तो बाबाला म्हणाला, ''एक करा. दोन ओळी वाजवून दाखवा. पंचांसमोर वाजवलं, वाद्य चालू आहे, यावर घर चालतं, एवढं मला लिहिता आलं म्हणजे झालं.''

आईने बाबाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत अगदी स्पष्ट होते, वाजव. बस्त्यावकाका खाली बघत होता. मी बाबाच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते, काय ते मला माहीत नव्हते. दोन ओळी वाजवल्या असत्या तर बाजा राहिला असता. वाजवले असते तर चाळीस दिवसांचे त्याचे व्रत, जे त्याने कशासाठीच मोडले नव्हते, ते एका बेलिफासाठी मोडले असते. बाबा उठला. आत गेला. आणि तेव्हाच मला पूर्ण उमगले की चोच आल्तारवर नाही, ती माझ्या खिशात आहे, मांडीला टोचते आहे.

मला दारातून तो दिसत होता. त्याने रुमाल उचलला, उघडला, परत घडी केली. थोडा वेळ तसबिरीसमोर उभा राहिला. मी त्याच वेळी धावत जाऊन चोच त्याच्या हातात द्यायला हवी होती. मी हललेही नाही. त्याने वाजवावे असे मला वाटत होते आणि वाजवू नये असेही वाटत होते. बाबा बाहेर आला. ''चोच आल्तारवर नाही,'' तो म्हणाला.

अधिकारी आईकडे वळला. ''ताई, काढा ती वस्तू.'' आई रडायलाच लागली. क्रूसावर हात ठेवून म्हणाली, मी घेतली नाही, बाकी सगळं मी लपवलं, ही नाही. पहिल्यांदाच ती पूर्ण खरे बोलत होती आणि कोणाचाच तिच्यावर विश्वास नव्हता. माझाच काय तो असायला हवा होता, आणि मी गप्प होते. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही हे लिहिताना वाटते.

बेलिफाने बाजा उचलून उलटा केला. बाज्याच्या मागच्या बाजूला, जिथे उजवा अंगठा अडकवून सगळा भार पेलतात, तिथला छोटा आकडा झिजून पांढरा पडला होता. त्याने त्यावर बोट फिरवले. मग म्हणाला, ''हात बघू.'' बाबाने दोन्ही हात पुढे केले. बेलिफाने उजवा हात धरला, अंगठा उलटा केला आणि उजेडाकडे वळवला. सांध्याजवळ घट्टा होता, जाड, पिवळट, मधोमध त्या आकड्याएवढी खाच पडलेला. मी तो अंगठा जन्मापासून पाहत आले होते आणि तो तसा का आहे हे कधी विचारले नव्हते. ''माझा बाप चपला शिवायचा,'' बेलिफ म्हणाला. ''आरीचा घट्टा होता त्याला. शौक म्हणून इतका घट्टा पडत नाही.'' त्याने खाली बसून पंचनाम्यात लिहिले आणि लिहिलेले मोठ्याने वाचले, कारण पंचांची सही घ्यायची होती: ऋणकोच्या उजव्या अंगठ्यावर वाद्याच्या भाराने पडलेला जुना घट्टा पंचांसमक्ष पाहिला. सदर वाद्य हे त्याच्या चरितार्थाचे साधन असल्याने जप्त केले नाही. अधिकारी म्हणाला, मी हरकत नोंदवतो. बेलिफ म्हणाला, नोंदवा. त्यांनी सायकल, खुर्ची, रेडिओ आणि घड्याळ नेले. जाताना बेलिफाने बशीतली उरलेली सुकेळी घेऊ का असे विचारले आणि आईने ती पानात बांधून दिली.

पतपेढीचे बाकीचे पैसे बाबाने पुढे लग्ने वाजवून वाजवून फेडले, त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते चोचीचे. आईने संत अंतोनीला साकडे घातले, कारण हरवलेल्या वस्तू शोधून देणे हे त्याचे काम. ती रोज मेणबत्ती लावायची आणि मी रोज त्या मेणबत्तीसमोर, खिशात चोच घेऊन, गुडघ्यांवर बसायची. शेवटी मी चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले आणि फादरांना सगळे सांगितले. ते जाळीमागून म्हणाले, ''तू कोणती आज्ञा मोडलीस ते मला नीट सांग बरं.'' चोरी म्हणावी तर वस्तू घरातच होती. खोटे म्हणावे तर मी एक शब्दही बोलले नव्हते. मला सांगता येईना आणि त्यांनाही. त्यांनी एक अख्खी रोझरी, म्हणजे पूर्ण जपमाळ, म्हणायला सांगितली आणि ''वस्तू जागेवर ठेव'' म्हणाले. ईस्टरच्या आदल्या दिवशी मी चोच रुमालात घालून आल्तारवर ठेवली. आईला ती सापडली तेव्हा ती अंगणात जाऊन शेजारणींना सांगू लागली की अंतोनीने परत दिली. मरेपर्यंत तिने ते सांगितले, आणि मी ते कधीच दुरुस्त केले नाही. बाबाने चोच धुतली, लावली आणि ईस्टरला बाजा वाजवला.

शेवटची दोन वर्षे बाबा माझ्याकडे नायगावला होता, चौदाव्या मजल्यावर. खिडकीतून खाडी आणि नवे टॉवर दिसायचे. त्याला खाडी आवडायची, टॉवर मोजायला आवडायचे. दम उरला नव्हता, त्यामुळे बाजा कपाटावर पडून होता. एका दुपारी मी त्याच्यासाठी सुकेळे बारीक कापत होते आणि एकाएकी सांगून टाकले. ''बाबा, त्या दिवशी चोच माझ्याकडे होती.''

''माहीत आहे,'' तो म्हणाला. ''खिसा केवढा फुगला होता तुझा.''

मी सुरी खाली ठेवली. ''मग आत का गेलास? शोधायला?''

''देवाला सांगायला. म्हटलं, पोरीनं उपवास वाचवला, आता बाज्याचं तू बघ.''

''पण तू सगळ्यांसमोर म्हणालास, चोच नाही म्हणून.''

''आल्तारवर नाही म्हणालो. नव्हतीच.'' तो हसला, हसता हसता खोकू लागला, मी पाठ चोळली. जो माणूस कधी खोटे बोलला नाही असे मी जन्मभर लोकांना सांगत आले, तो त्या दिवशी काय बोलला होता ते मला ठरवता येईना, अजूनही येत नाही. मी त्याला विचारले, ''आणि असती आल्तारवर, तर वाजवलं असतंस?'' त्याने नुसता उजवा हात माझ्या मांडीवर ठेवला, आणि मी त्याचा अंगठा उलटा करून उजेडाकडे वळवला. तो मऊ होता, लहान मुलाच्या अंगठ्यासारखा, खाच नाही, घट्टा नाही. आज बेलिफ आला असता तर बाजा घेऊन गेला असता.